मंगळवारचा प्रश्न

एका शुक्रवारी संध्याकाळी इन्स्पेक्टरकाका आमच्या घरी आले. त्यांनी माझ्या भावाला, विनयला, एक प्रश्न विचारला. भावाने उत्तर दिलं. काकांनी त्याच्या नावाची चिठ्ठी खिशात परत ठेवली आणि ते गेले. त्यानंतर दहा दिवसांनी विनय वारला.

एकामुळे दुसरं झालं असं नाही. त्याच्या किडन्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी आम्हाला जे सांगायचं ते सांगून झालं होतं. पण माझ्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांना उठवता येत नाही.

चिठ्ठी कसली ते सांगायला हवं. आमचं चर्च घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी. मराठी ख्रिस्ती लोकांचं. बहुतेक घरं मूळची नगर-जालन्याकडची. चर्चच्या सभासदांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो आणि तिचा कारभार बघणाऱ्यांना पंच. आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून चारदा होतं. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षारसाचा एक घोट. त्याच्या आदल्या आठवड्यात पंचांनी घरोघर जायचं, प्रत्येकाशी बोलायचं, आणि ज्याचा विश्वास खरा वाटेल त्याला त्याच्या नावाची चिठ्ठी द्यायची, अशी मिशनरींच्या वेळची पद्धत. रविवारी ती टोपलीत टाकून मग पुढे जायचं. बाकीचे पंच चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन चर्चच्या दारात उभे राहत आणि लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तशा वाटून मोकळे होत. इन्स्पेक्टरकाका एकटेच घरोघर जात.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्का मारायचा, खोटी वजनं जप्त करायची, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बाजारातून जाताना ते एखाद्या भाजीवाल्यासमोर थांबत आणि काही न बोलता त्याच्या काट्याकडे बघत राहत. भाजीवाला बिचारा वर एक मूठ मिरच्या टाकी. काका त्या मिरच्या उचलून परत ठेवत.

विनय त्यांची नक्कल करायचा. खांदे किंचित वर, मान पुढे, दोन बोटांनी समोरच्याचा हात तोलल्यासारखा धरून. उपासनेनंतर काका असाच हात धरून सलाम करत आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवत. तरुण मुलं एकमेकांना म्हणत, "चल रे, स्टॅम्पिंगला." आणि रांगेत उभी राहत.

चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, विजेच्या मीटरखाली बसत. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवत. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, एकदा त्यांना हळूच टोकलं, तर म्हणाले, "तुम्ही डोळे मिटता, तेव्हाच तर बघण्यासारखं असतं." ते पुढच्यांच्या पाठी बघत. कोणाची मान अवघडली, कोणी घड्याळाकडे पाहिलं, कोण रडलं आणि रडताना आजूबाजूला कोणी बघतंय का ते कोणी तपासलं. गाण्याच्या पहिल्या कडव्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "पहिलं सगळ्यांना पाठ असतं. चौथ्याला कोण उरतं ते बघायचं."

घरी येणार हे ते कधीच कळवत नसत. "चाचणी गिऱ्हाईक नसताना घ्यायची," असं म्हणत. त्यामुळे ते यायचे तेव्हा कुणी गाऊनमध्ये, कुणी मासे साफ करताना, कुणी नवऱ्याशी भांडण अर्धवट टाकून दार उघडायला आलेली. आल्या आल्या चहा घेत नसत. आधी प्रश्न, मग चिठ्ठी, मग चहा, तोही दोन कप. चिठ्ठी द्यायची नसेल तर चहा न घेता उठत. त्यामुळे घरातल्या बाईला आधण ठेवलेल्या गॅसजवळ उभं राहून निकालाची वाट बघावी लागे.

प्रश्न नेहमी एकच. पवित्र शास्त्रातलं वचन नाही, विश्वासाचा अंगीकार नाही, दहा आज्ञा नाहीत. ते विचारत, "गेल्या मंगळवारी ख्रिस्त नसता, तर तुझ्या दिवसात काय फरक पडला असता?"

मंगळवारच का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "रविवारचा काही उपयोग नाही. शुक्रवारी उपासाची माणसं असतात, शनिवारी गाण्याचा सराव असतो. मंगळवारी आपल्यात कुणी ख्रिस्ती नसतो."

लोक उत्तरं तयार ठेवू लागले. मंगळवारी शेजारणीसाठी प्रार्थना केली, मंगळवारी बॉसला क्षमा केली. निवृत्त झालेले एक हेडक्लार्क होते. त्यांनी तर मंगळवारचं सगळं टिपून ठेवलं होतं, वेळेसकट. काका शांतपणे ऐकून चहा न घेता उठले. हेडक्लार्कांनी पाळकसाहेबांकडे तक्रार केली आणि पाळकसाहेबांनी ऑफिसात बसून स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली. असं नेहमीच व्हायचं. काकांनी नाकारलेला माणूस दोन दिवसांत चिठ्ठी मिळवायचाच. त्यामुळे त्यांचा कुणाला फारसा त्रास नव्हता. मंडळीने त्यांना एखाद्या जुन्या, जड कपाटासारखं तसंच राहू दिलं होतं.

मालाडला राहायला गेलेली एक बाई होती, दोन मुलं, नवरा रिक्षा चालवणारा. तिने त्यांना सांगितलं, "काका, मंगळवारी पाणी कमी येतं आमच्याकडे. ख्रिस्त असो नसो, मला पाचला उठून लाइन लावायची असते. आता तुम्हीच सांगा फरक काय तो." काकांनी लगेच चिठ्ठी काढून दिली आणि तिच्याकडे तीन कप चहा घेतला. ही गोष्ट ते मला सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, "पण तिने तर काहीच फरक पडत नाही असं सांगितलं." ते म्हणाले, "ती माझ्याशी बोलत नव्हती, पोरी. त्याच्याशी भांडत होती. जो नाही त्याच्याशी कोण भांडेल?"

मी मुलुंडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. काका मुलुंडलाच, स्टेशनपासून जरा आत, एका खोलीत एकटे राहत. प्राचार्यांच्या परवानगीने मी त्यांना दुपारी वाचायला बसू द्यायची. ते संतांची, मिशनऱ्यांची, धर्मासाठी मेलेल्या माणसांची चरित्रं वाचत आणि पेन्सिलने समासात बारीक खूण करत. जिथे पटलं तिथे खूण. मी नंतर खोडरबर घेऊन बसायची. एका सहाशे पानांच्या चरित्रात मला एकच खूण सापडली. तो महात्मा रात्रभर प्रार्थनेला बसला आणि मध्येच त्याला झोप लागली, त्या ओळीपाशी. ती खूण मी पुसली नाही.

त्यांची बायको मी लहान असताना वारली. तिलाही त्यांनी एका वर्षी चिठ्ठी दिली नव्हती, हे आईकडून ऐकलेलं. तिने म्हणे उत्तर दिलं होतं, "तुमचा विश्वास आहे ना, त्यात माझाही आला." काका म्हणाले, "उसन्या वजनावर शिक्का मारत नाही." तिने तीन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्यांच्याच हातून चिठ्ठी घेतली. काय उत्तर दिलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं आम्हाला गमतीचं वाटे. ते गमतीचं नाही हे मला एका दुपारी ग्रंथालयात कळलं. काका पुस्तक मिटून बसले होते. म्हणाले, "ऑफिसात एक जण मला ज्वारीचा ख्रिस्ती म्हणायचा. चेष्टेत. मीपण हसायचो." दुष्काळात मिशनने धान्य वाटलं तेव्हा आमच्याकडची कितीतरी घरं ख्रिस्ती झाली, आणि पोटासाठी बाटले हा टोमणा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्यात नवीन काही नव्हतं. पण काका पुढे म्हणाले, "माझे आजोबा रोज पहाटे गुडघे टेकायचे. मी बघितलंय. आता ते गुडघे खरे होते की ज्वारी खरी होती, हे मला कोण सांगणार? आख्ख्या मंडळीत एक माणूस मला असा सापडू दे, की ज्याला काही मिळत नाही आणि तरी विश्वास आहे. म्हणजे आजोबांचंही खरं होतं असं मी समजेन."

ते आम्हाला तपासत नव्हते. आमच्यात आजोबांना शोधत होते. आमच्यापैकी कुणी त्या वजनाचं नव्हतं.

विनय साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर होता. आजारी पडल्यावर काम सुटलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. तो शेवटपर्यंत चेष्टा करत राहिला, आई रडायला लागली की म्हणायचा, "आई, पाणी वाया घालवू नको, मला प्यायला देत नाहीत आणि तू सांडतेस." पण प्रार्थना त्याने कधी सोडली ते आम्हाला कळलं नाही. जेवणाआधी मान खाली घालायचा. त्याखाली काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. आईने आधण ठेवलं. तिने आणि मी आपापली उत्तरं दिली. माझं काय होतं मला आठवतही नाही. काहीतरी नीट, पुस्तकी. चिठ्ठ्या मिळाल्या. मग काका पलंगापाशी खुर्ची घेऊन बसले.

"बोल, विनय. गेल्या मंगळवारी?"

"मंगळवारी मी चार तास मशीनला होतो, काका. ख्रिस्त काय दिसला नाय. सिस्टर होती. चांगली होती."

काका हसले नाहीत. "चेष्टा नको. नसता तर काय फरक पडला असता?"

विनयने पंख्याकडे पाहिलं. मग त्याचा आवाज बदलला. "काही नाही, काका. मी खरं सांगतो. आधी होता. आता मी आत शोधतो ना, तर तिथे कोणीच नाहीये. मी हाका मारून बघितल्या."

"म्हणजे विश्वास नाही?"

"नाही."

आई गॅसजवळून म्हणाली, "अरे, ताप आहे त्याला, काहीपण बोलतो तो." काकांनी हात वर करून तिला थांबवलं. चिठ्ठी त्यांच्या बोटांत होती. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

"तुझ्यासाठी प्रार्थना करतो," ते म्हणाले.

"करा ना. तुमची पोचत असेल तर."

ते गेल्यावर पातेल्यातलं पाणी आटून करपल्याचा वास आला. आईने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली. "देव कधी इतकं विचारत नाही," ती म्हणाली, "हा कोण लागून गेला?" आणि मग मला म्हणाली, "पाळकसाहेबांना फोन कर. ते लिहून देतील."

मी फोन केला नाही. मला वाटलं, विनयने इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं काहीतरी सांगितलंय. त्यावर दुसऱ्या कुणाची चिठ्ठी डकवली तर तो त्याचा अपमान होईल. मी आईला असंच समजावलं. असे विचार मला सुचतात. त्यांचा कुणाला काय उपयोग होतो, ते मला माहीत नाही.

आईला विनयला सोडून चर्चला जाता येत नव्हतं, म्हणून त्या रविवारी दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. आईची आणि माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. त्यांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, आईला दिली, मला दिली. तेव्हा चादरीखालून विनयचा हात बाहेर आला. तळवा वर, बोटं जवळ घेतलेली, लहानपणी दृढीकरणाच्या वर्गात भाकर घ्यायला शिकवतात तसा. पाळकसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. दोन चिठ्ठ्या. मग माझ्याकडे पाहिलं. घरातली शिकलेली मी. मी "द्या" एवढंच म्हणायचं होतं. तोंडात भाकरीचा तुकडा होता. मी तो चावतही नव्हते, गिळतही नव्हते.

विनयने हात मागे घेतला. "सवय, पाळकसाहेब," तो म्हणाला. "माझी चिठ्ठी नाहीये."

"अरे, चिठ्ठीचं काय घेऊन बसलास, घे तू..."

"राहू द्या ना."

पाळकसाहेबांनी परत एकदा आग्रह केला. त्याने भिंतीकडे तोंड केलं. तो हात विश्वासाने बाहेर आला होता की सवयीने, याचा निकाल मी रोज लावते. रोज वेगळा लागतो.

दफनात काही अडचण आली नाही. काका कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभे होते, आत आले नाहीत. आई त्यांच्यासमोरून गेली, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

महिन्याभराने ते ग्रंथालयात आले. पुस्तक मागितलं नाही. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि एखादा अर्ज द्यावा तसे बोलले. "तराजू तपासताना वजन ठेवायच्या आधी आम्ही तो रिकामाच बघतो. रिकामा असताना काटा शून्यावर आला तर तो तराजू खरा. मग पुढचं. तुझ्या भावाचा काटा शून्यावर होता. आजवर सगळ्यांनी मला काही ना काही ठेवून दाखवलं. रिकामा त्याने एकट्याने दाखवला. आणि मी म्हटलं, यावर माल नाही. निघून आलो."

मी त्यांना हाताबद्दल सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. सगळं, बोटं कशी होती तेसुद्धा. ते त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही दोघं होतात ना तिथे. पाळकसाहेब आणि तू." आरोप म्हणून नाही, वस्तुस्थिती तपासून घ्यावी तसं. मी हो म्हटलं. ते गेले.

त्यानंतर त्यांनी पंच म्हणून काम सोडलं. शेवटच्या बाकावर बसत राहिले. प्रभुभोजनाच्या रविवारी चिठ्ठी टाकायला उठत नसत. त्यांना कुणी विचारलं नाही. मंडळीने आणखी एक विक्षिप्तपणा म्हणून तोही खपवून घेतला. प्रार्थनेच्या वेळी मी एकदा डोळे उघडून मागे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

दोन वर्षांनी त्यांची जागा मला दिली. आमच्याकडे आता बायकाही पंच होतात. काका तेव्हा आजारी होते, घराबाहेर पडत नव्हते. पाळकसाहेबांनी त्यांच्या नावाची चिठ्ठी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुम्हीच जा. तुमच्याकडून घेतील."

खोलीत औषधांचा वास होता. काका खाटेवर बसून होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी येणार हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं, तरी ते वाट बघत असल्यासारखे बसले होते. मी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली.

"आधी विचार," ते म्हणाले.

"काका, मी कुणालाच विचारत नाही. तशीच देते."

"तशी मी कधी घेतली नाही. विचार. मंगळवारचं विचार."

"नाही विचारणार."

"माझं उत्तर तयार नाही, पोरी," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, विचार. तू विचारलंस तर मला कळेल."

त्यांचा हात मांडीवरच होता. मी चिठ्ठी खाटेवर त्यांच्याजवळ ठेवली. "बरं वाटलं की या चर्चला," असं म्हटलं. असं आपण आजाऱ्याला म्हणतो. त्यांनी चिठ्ठी उचलली, सरळ केली आणि माझ्या हातात परत दिली. चहाचं विचारलं नाही. मीही थांबले नाही.

त्यांना चिठ्ठी नको होती. आयुष्यभर त्यांनी इतरांना जो प्रश्न विचारला, तो त्यांना कुणीतरी विचारायला हवा होता. मी विचारला नाही. मी त्याला दया म्हटलं. जिना उतरताना मला बरं वाटत होतं, आणि दयेने तसं बरं वाटत नाही.

ते पुढच्या प्रभुभोजनापर्यंत राहिले नाहीत. खोली त्यांच्या पुतण्याने भाड्याने दिली. मंडळीने यंदा चिठ्ठ्यांची पद्धतच बंद केली. छपाई, वाटप, कोण करतं इतकं. ठराव मांडला गेला तेव्हा मी हात वर केला. सगळ्यांनीच केला.

आई आणि मी दर रविवारी जातो. प्रभुभोजन असेल तेव्हा रांगेत उभ्या राहतो, आमची पाळी आली की हात पुढे करतो आणि भाकर मिळते. माझा विश्वास आहे की नाही, हे मला आता कुणी विचारत नाही.